फुंकरशेठचा खटला

भांडण तुम्ही लावलंत. थंडगार केबिनीत बसून, दुसऱ्यांच्या जिवावर लावलंत. नाव घ्यायची गरज नाही. तुमचं नाव तुम्हाला माहीत आहे, आणि तुमचं कार्टून बघणाऱ्या घराघरांत ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसतंच. आधी तुम्ही विचारलंत, "फुंकरशेठला माफी की शिक्षा? जोरात सांगा! ज्यांचा आवाज मोठा, त्यांची बाजू जिंकली!" माणसं जोरात बोलली. मग तुम्ही कमेंटचं दार धाडकन लावलंत आणि वर पाटी टांगलीत: 'प्रेक्षकांना सभ्यपणे मतभेद मांडता येत नसल्यामुळे चर्चा बंद करण्यात येत आहे.'

कुणाला येत नाही? पिंपळगाव बसवंतच्या तेजस्विनीला येत नाही? घोटीच्या सावित्रीबाईंना येत नाही? मग बसा जरा, आणि तुमच्या पाटीखाली काय घडलं ते ऐका.

ज्यांनी 'ठिणगीची टोळी' बघितलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. दिवेवाडी नावाचं गाव. तिथं माणसं नाहीत, सगळे दिवे. कंदील, पणत्या, बत्त्या, एक तिरसट टॉर्च. ठिणगी ही ज्वारीच्या दाण्याएवढी पोर, पण गावभर तिचाच दंगा. आणि फुंकरशेठ म्हणजे दोन गाल आणि मधे नावाला तोंड. पहिल्या वर्षी त्यानं अर्धं गाव विझवलं. त्यात समईआज्जी विझली, जी रोज सगळ्या दिव्यांना गोष्ट सांगायची. बाकीचे पुन्हा पेटले, ती पेटली नाही. आणि आता चौथ्या वर्षाच्या शेवटच्या भागात ठिणगी ओल लागून मरायला टेकली, तर याच फुंकरशेठनं हळूच फुंकर घालून तिला वाचवलं. ठिणगी म्हणाली, "चल, आजपासून तू आमच्यातला!" गाणं झालं, नाच झाला, संपलं.

संपलं कसलं! 'ठिणगीचे भिडू' या ग्रुपात तिथूनच सुरू झालं.

ग्रुपात तीन हजार शंभर माणसं. शाळेची पोरं असतील असं वाटतं ना? होती, पण त्यांच्याहून जास्त होत्या नर्सा, मास्तर, टेम्पोवाले आणि पोरांना भरवता भरवता स्वतःच कार्टूनला चिकटलेल्या आया. ग्रुप काढला होता तेजस्विनीनं. वय सत्तावीस, हायवेवरच्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर. जेवणाच्या सुट्टीत डब्याला फोन टेकवून कार्टून बघायची आणि कुणी हसलं तर सरळ म्हणायची, "तुम्ही क्रिकेट बघता तेव्हा मी हसते का?"

आणि तिच्यासमोर उभ्या ठाकायच्या सावित्रीबाई. घोटीत त्यांची भातगिरणी. वय एकोणसाठ. नातवाबरोबर कार्टून बघायला लागल्या, नातू मोठा होऊन पुण्याला गेला, या मागे राहिल्या त्या राहिल्याच. टाइप करणं त्यांना जमत नसे, म्हणून आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. मागं गिरणीची धडधड आणि पुढं त्यांचा ठसका: "ए पोरी, ऐकतीस का? तुझं पार चुकलंय बघ." गुरुवारी भाग यायचा, शुक्रवारी दुपारी मावशींचा आवाज यायचा, आणि माणसं शेंगदाणे घेऊन बसायची. तीन वर्षं दोघी भांडल्या. टॉर्च गद्दार आहे का, यावर एकवीस दिवस भांडल्या. एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण मावशींचा आवाज आला नाही तर तेजस्विनीला शुक्रवार अळणी लागायचा.

आणि त्यात तुम्ही टाकलीत तुमची काडी. जोरात सांगा म्हणालात. ग्रुपाचे दोन तट पडले, माफीवाले आणि शिक्षावाले. तीन वर्षं एकमेकांच्या पोरांच्या वाढदिवसाला केकचे फोटो टाकणारी माणसं एकमेकांना बिनडोक म्हणायला लागली.

तेजस्विनी शिक्षावाल्यांची पुढारी. तिनं लिहिलं, "समईआज्जी विझली त्या दिवशी मी डबा तसाच बंद केला होता. ज्यानं विझवलं तो नाचतो आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या? शिक्षा झालीच पाहिजे."

दहा मिनिटांत गिरणीची धडधड आली. "पोरी, चूल पेटवलीस का कधी? फुंकर घातल्याबिगर चूल पेटत नाय. तीच फुंकर दिवा इझवती, तीच चूल पेटवती. मंग फुंकर वाईट कशी गं?"

झालं. चारशे लोकांनी बदामाची चिन्हं पाठवली. शिक्षावाल्यांतल्याच कुणीतरी लिहिलं, "तेजूताईंची बोलती बंद!" तेजस्विनीची कानशिलं तापली. उत्तर सुचेना, आणि उत्तर सुचत नाही तेव्हा माणूस काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं लिहिलं: "मावशी, तुमचा जन्म भात भरडण्यात गेला. नातवाचं कार्टून बघून आम्हाला तत्त्वज्ञान शिकवू नका."

सहाशे जण खदाखदा हसले. तेजस्विनीही हसली, दोन मिनिटं. मग स्क्रीनवर एक बारकी करडी ओळ आली: 'सावित्रीबाई घोटी यांनी ग्रुप सोडला.'

तुमची ती पाटी आली ती त्याच संध्याकाळी. पण खरं सांगायचं तर तेजस्विनीनं ती नीट वाचलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पॅकहाऊसमध्ये माल भरपूर होता. टेबलांच्या रांगा, दोन्ही बाजूंनी बाया, प्रत्येकीच्या हातात बारीक कात्री. इथला पहिला धडा एकच असतो आणि तो तेजस्विनीच नव्या बायांना शिकवायची. घड उचलायचा तो देठाला धरून. मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावर जी पांढरी पावडर असते ती बोटानं पुसली जाते आणि घड शिळा दिसायला लागतो. खराब मणी दिसला तर तेवढाच कात्रीनं काढायचा. एका मण्यापायी घड फेकणारी बाई तिथं आठवडाभरसुद्धा टिकत नाही.

त्या सकाळी टेबलाच्या टोकाशी पुतळाबाई होत्या. बावीस वर्षं कात्री धरलेली बाई. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे काय चाललंय?"

तेजस्विनीनं खाली बघितलं. तिच्या मुठीत अख्खा घड. मण्यांवर पाची बोटं उमटलेली.

"कुणाचा गळा धरल्यावानी धरलाय," पुतळाबाई म्हणाल्या. बाया फिसकन हसल्या. "द्या इकडं. एक मणी तर तडकलेला व्हता. घरी भांडण झालं का?"

"घरी नाही हो. ग्रुपात. कार्टूनवरून."

"कशावरून?"

"कार्टून."

पुतळाबाईंनी कात्री खाली ठेवली. बावीस वर्षांत त्यांनी कामाच्या वेळी कात्री खाली ठेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या, "जेवणात सांगा."

जेवणाच्या सुट्टीत तेजस्विनीनं सांगितलं. सगळं. स्वतःचं वाक्यसुद्धा, आवाज खाली करून. पुतळाबाई भाकरी मोडत ऐकत होत्या.

"आन् ती बाई नेमकं म्हणत काय व्हती?"

"तेच, की झालं गेलं विसरा, सगळ्यांना माफ करा."

"तिच्या तोंडून ऐकवा."

तेजस्विनीनं फोनवर ते रेकॉर्डिंग लावलं. धडधड, आणि मावशींचा आवाज. पुतळाबाईंनी तो दोनदा लावायला सांगितला.

"ही कुठं म्हणाली का माफ करा?" पुतळाबाई म्हणाल्या. "ही म्हणती, फुंकर वाईट नाय. शेठ चांगला हाय असं तिनं तोंडातून काढलं नाय. तुम्ही भलत्याच गोष्टीला उत्तर दिलं, आन् ते पण तिच्या अंगावर."

तेजस्विनीनं तिसऱ्यांदा ऐकलं. खरंच की. तीन वर्षं ज्या बाईशी ती भांडत होती, त्या बाईचं तीस सेकंदांचं बोलणं तिनं धड ऐकलंच नव्हतं. ते ऐकलं पुतळाबाईंनी, ज्यांनी हे कार्टून उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

मग तिनं फोन लावला. मावशींनी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. चौथ्यांदा नाही. तेव्हा तिनं आधी ग्रुपात लिहिलं, कारण जिथं घाण केली तिथंच आधी झाडू मारायला हवा होता: "काल मी सावित्रीमावशींच्या मुद्द्याला उत्तर दिलं नाही. उत्तर सुचलं नाही म्हणून त्यांच्या कामावर आणि वयावर घसरले. ते वाक्य हलकट होतं. त्यावर हसलेल्या सहाशे जणांत मीही होते. मावशींचा मुद्दा अजून तसाच उभा आहे." आपलं जुनं वाक्य तिनं पुसलं नाही. राहू दे म्हणाली, लोकांना दिसू दे.

संध्याकाळी पाचला फोन उचलला गेला.

"मावशी? मी तेजस्विनी बोलतेय. पिंपळगावहून."

"आवाज लय बारीक हाय गं तुझा. लिहितीस तर वाघिणीवानी."

"मावशी, चुकले मी. माफ करा."

पलीकडची गिरणी बंद झाली. तेजस्विनीला वाटलं फोन कट झाला.

"माफ?" मावशी म्हणाल्या. "तू तर शिक्षावाली ना?"

"हो," तेजस्विनी म्हणाली.

"फुंकरशेठनं जीव वाचवला तरी तू म्हणतीस, आधी शिक्षा. मंग तुला फुकट माफी कशी मिळंल? का नियम फक्त टीव्हीतल्यांना?"

"बरोबर आहे," तेजस्विनी म्हणाली. आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा तिला हसू आलं. "द्या शिक्षा."

"देणारच हाय. रविवारी मेळावा हाय ना तुमचा गंगापूर रोडला? मी येती. तिथं तू माझी बाजू मांडायची. मला पटंल अशी. तुझ्या तोंडून माझं वाकडं झालं की मी हात वर करीन, मंग पुन्हा पहिल्यापासून."

"आणि तुम्ही?"

"मी तुझी मांडती. मला काय, तोंड हायेच."

ग्रुपाचा मेळावा ग्रुपातल्याच ज्योत्स्नाताईंच्या चित्रकलेच्या वर्गात होता. दरवर्षी वीसेक माणसं यायची, त्या रविवारी त्रेसष्ट आली. तुम्ही तिकडं दार लावलंत, म्हणून माणसं इकडं बोलायला आली, दुसरं काय! ज्योत्स्नाताईंनी फळ्यावर फुंकरशेठ काढला होता, गाल इतके मोठे की फळा पुरेना, अर्धा गाल भिंतीवर. टेम्पो चालवणारा गोरक्ष शिट्टी घेऊन खिडकीत बसला होता. तो कट्टर शिक्षावाला, पण शिट्टी दोन्ही बाजूंना सारखी वाजवीन अशी शपथ त्यानं स्वतःच्या टेम्पोवर हात ठेवून घेतली होती.

दारात एक उंच, काटक बाई आली. खांद्यावर पदर, पायात पांढरे बूट, काखेत तांदळाच्या पापड्यांचा डबा. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"तेजस्विनी कोणती?"

तेजस्विनी उभी राहिली.

"एवढीशी?" सावित्रीबाई म्हणाल्या. "आन् मी तीन वर्षं घाबरत व्हते!"

हशा पिकला. तेजस्विनी पाया पडायला वाकली, तर मावशींनी तिला मधेच धरलं. "आधी शिक्षा. पाया मागून."

तेजस्विनी फळ्यापाशी गेली. घसा खाकरला. "मावशींचं म्हणणं असं की मन मोठं करावं..."

हात वर. गोरक्षची शिट्टी. "पुन्हा!"

"मावशींचं म्हणणं असं की त्यानं ठिणगीला वाचवलं, म्हणजे फिटंफाट झाली..."

हात वर. शिट्टी. आता लोक खुर्च्यांवर पुढं सरकून बसले होते. माफीवाल्यांचा एक मास्तर ओरडला, "तेजूताई, कॉपी देऊ का?" गोरक्षनं त्यालाही शिट्टी मारली.

तिसऱ्यांदाही हात वर. तेजस्विनी खाली बसली, फळ्याला पाठ लावून, आणि विचार करू लागली. आपण काय म्हणतो ते बाजूला ठेवून ही बाई काय म्हणते याचा विचार. सोपं नसतं. करून बघा एकदा, तुमच्या केबिनीत.

मग ती बसूनच बोलली. "मावशी म्हणतात, फुंकर ही ताकद आहे. ती वाईट नाही, चांगली नाही. फुंकरशेठ जन्मला तो दिव्यांच्या गावात. दिव्यांच्या गावात फुंकर मारली की काय होणार? विझणारच. त्याला कुणी कधी चूल दाखवलीच नाही. आपल्या गालांतल्या वाऱ्यानं काही पेटूसुद्धा शकतं, हे त्याला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि तेही ठिणगी मरायला टेकली तेव्हा. मावशी माफ करा म्हणत नाहीत. त्या म्हणतात, त्याला कामाला लावा."

हात वर गेला नाही.

सावित्रीबाई डब्याचं झाकण बोटानं फिरवत होत्या. "चूल कुणी दाखवलीच नाय," त्या पुटपुटल्या. "हे तर माझ्याबी ध्यानात आलं नव्हतं गं."

माफीवाले बाकं बडवायला लागले. शिक्षावालेही बडवायला लागले. गोरक्षची शिट्टी कुणी ऐकेना.

मग मावशी उठल्या. बूट घातलेले पाय फाकवून फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "माझं नाव तेजस्विनी. वय सत्तावीस." इथं दोन मिनिटं हसणंच चाललं. "माझं म्हणणं काय हाय? नीट ऐका. शेवटच्या भागात सगळे नाचतात. ते तुम्ही पाह्यलं. मागं कोपऱ्यात काय हाय ते पाह्यलं का? समई हाय. काळी. वात तशीच. फुंकरशेठ नाचत नाचत तिच्यापुढनं जातो. दोनदा जातो, म्या थांबवून पाह्यलं. एकदाबी थांबत नाय."

दोघातिघांनी तिथंच फोन काढून तो भाग लावला.

"माफी कुणी दिली? ठिणगीनं. ठिणगीचं काय गेलं व्हतं? काय नाय. जिचं गेलं, तिला कुणी इचारलं का? त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं का? दुसऱ्याच्या वतीनं माफी देणारी तू कोण गं ठिणगे? म्हणून मी म्हणती, त्याला आधी तिच्यासमोर उभा करा. तीच शिक्षा." मावशींनी तेजस्विनीकडं पाहिलं. "वाकडं झालं का कुठं?"

तेजस्विनीचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती, दोन्ही एकदम. "नाही मावशी. हे मी कधी बोलले नव्हते. पण मला हेच म्हणायचं होतं. इतके दिवस सापडत नव्हतं."

ज्योत्स्नाताई खडू घेऊन पुढं आल्या. "मग आता मतदान घ्यायचं का? माफी किती, शिक्षा किती?"

"कशाला?" मावशी म्हणाल्या. "आपण काय कार्टूनवाली कंपनी हाय का?"

पापड्या फिरल्या. चहा आला. तेजस्विनी कप घेऊन मावशींच्या शेजारी बसली.

"मावशी, मी अजून शिक्षावालीच आहे हं."

"मंग? म्या काय पक्ष बदलला का? मी माफीवालीच."

"पण बघा ना, तुम्ही मला शिक्षा दिली म्हणून तर हे घडलं. नुसतं फोनवर माफ केलं असतं तर मी मोकळी होऊन झोपले असते. म्हणजे माझंच खरं."

"अगं, माफ केलं म्हणून तर फोन उचलला," मावशी म्हणाल्या. "नायतर बसली असतीस शिक्षेची वाट बघत. माझंच खरं."

"नाही, पण..."

"पण काय पण?"

आणि दोघी भांडायला लागल्या, तोंडात पापडी, हातवारे करत. आजूबाजूच्यांनी खुर्च्या ओढून घेतल्या. गोरक्षनं शिट्टी खिशात टाकली आणि दुसरा चहा मागवला. मधेच मावशींनी कमरेचा फोन काढून तेजस्विनीच्या हातात दिला. "हे घे. ग्रुपात परत जायचं बटण कुठं असतंय? सोडताना सापडलं, जाताना सापडंना." तेजस्विनीनं त्यांना परत घेतलं. वर्गातले साठ फोन एकदम वाजले, आणि कधी नव्हे तो माफीवाल्यांचा आणि शिक्षावाल्यांचा एकच आवाज निघाला.

त्या दिवशी चित्राच्या मोठ्या कागदावर एक पत्र लिहिलं गेलं. खाली त्रेसष्ट सह्या, आणि नंतर ग्रुपातल्या दोन हजारांवर माणसांची नावं. तुमच्या ऑफिसात ते पोचून अठरा दिवस झाले. पोच मिळाली आहे, त्यामुळे मिळालं नाही असं म्हणू नका. त्यात शिवी नाही, धमकी नाही, दोनच प्रश्न आहेत. माफीवाल्यांना आणि शिक्षावाल्यांना एकमेकांचं अजून पटलेलं नाही आणि त्यांना त्याची घाईही नाही. भांडायची रीत त्यांनी तुमच्याशिवाय शोधून काढली. ज्याच्याशी भांडायचं त्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं मांडायचं, मग आपलं. आता तुमची पाळी. जोरात सांगायला लावणारे तुम्ही, दार लावणारे तुम्ही, आणि फुंकरशेठला समईसमोरून दोनदा नाचवत नेणारेही तुम्हीच. तेव्हा सरळ सांगा: ते दार कधी उघडता? आणि जिचं सगळं गेलं त्या समईआज्जीला तुम्ही कुणी काही विचारलंत का?

गप्प बसू नका. उत्तर द्या.